गोठा असलेल्या घरातली बिनदुधाची पोरगी: एक केस

ही केस लिहायची परवानगी तिने स्वतः दिलीये, अट एकच, नाव आणि गाव नको. तर शिरोळ तालुक्यातलं एक गाव एवढंच धरून चला. वय ३३, वजन ५२ किलो, पुण्यात आयटीत टेस्टिंगला, दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅटवर राहते. घर दिगंबर जैन, शेतकरी, ऊस आणि चार म्हशी. पुण्यात जैन म्हटलं की लोकांना मारवाडी-गुजराती दुकानदारच आठवतो, पण कोल्हापूर-सांगलीकडे गावंच्या गावं जैन शेतकऱ्यांची आहेत, आडनावं पाटील, चौगुले, मगदूम, दोन्ही वेळ डेअरीला दूध घालणारी माणसं. हे आधीच सांगते कारण पुढचं सगळं यावर उभं आहे, आणि मी स्वतः हेच विसरले म्हणून मध्ये तोंडावर आपटले, ते येईलच.

मार्च २०२४ मध्ये ती आली ती आईला घेऊन, खरं तर आईच तिला घेऊन आली होती. आईने बसायच्या आधी पिशवीतून स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला, घरचं म्हशीचं तूप, अर्धा किलो तरी असेल. मग म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही तरी सांगा हिला. मी सांगून सांगून दमलो. गोठ्यात चार म्हशी हायत आणि पोरगी काळा चा पितीया." (आमच्याकडे पुण्यात बाई "दमलो" म्हणाली की लोक वळून बघतात, कोल्हापूरकडे ते सरळ बोलणं आहे.) पोरगी शेजारी खाली मान घालून बसलेली, चेहरा पिवळट, ओठांचे कोपरे चिरलेले. मी जीभ दाखव म्हटलं तर जीभ लालभडक आणि गुळगुळीत, वरचा खरखरीतपणा गेलेला. आहारतज्ज्ञ म्हणून निदान करणं माझं काम नाही, पण इतक्या वर्षांत अशी जीभ बघितली की पहिला विचार बी-१२ जीवनसत्त्व कमी असल्याचाच येतो.

तक्रारी अशा होत्या: तळपायाला मुंग्या, आधी रात्री फक्त, नंतर दिवसभर, "मोजे घातल्यासारखं वाटतं ताई, घातलेले नसतानाही." जिना चढताना धाप. केस गळती. अंधारात स्कूटी पार्क करताना पाय नीट टेकतोय का कळायचं नाही, एकदा पार्किंगमध्येच गाडीसकट आडवी झाली. हे सगळं सहाएक महिने चाललेलं. डिसेंबरमध्ये एका डॉक्टरांना दाखवलं होतं तर त्यांनी बसून काम आहे, मानेचं आहे म्हणून पेनकिलर आणि व्यायामाचा कागद दिला. बी-१२ ची टेस्टही केली होती, ती आली ३१०. रेंज २०० पासून पुढे, म्हणजे नॉर्मल, फाइल बंद.

दूध सोडलं कधी? तर सप्टेंबर २०२२, दशलक्षण पर्वात. दहा दिवसांचा नियम म्हणून सोडलं आणि मग परत धरलंच नाही. कारण विचारलं तर बराच वेळ बोलली नाही, आई बाहेर फोनवर गेल्यावर बोलली. लहानपणी गोठ्यात रेडकू झालं की त्याचं काय होतं ते ती बघत आलेली. रेडी असली की तिला दूध पाजतात, रेडा असला की नुसतं पान्हा फुटण्यापुरतं लावतात आणि ओढून बांधतात, आणि महिन्या-दोन महिन्यांत ते बारीक बारीक होत एक दिवस नसतं. "आमच्या घरात मुंगीसुद्धा मारत नाहीत ताई, रात्री दिवा लावला तर किडे मरतील म्हणून अंधार पडायच्या आत जेवतात, आणि ते खुंटाला बांधलेलं कुणाला दिसत नाही." यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं आणि ते द्यायचं माझं कामही नव्हतं. मी एवढंच ठरवलं की "थोडं थोडं दूध घ्यायला लाग" हा पर्याय टेबलावर ठेवायचाच नाही. बरेच लोक तिथूनच सुरू करतात आणि पेशंट परत येत नाही.

आता गंमत बघा, आईला मी विचारलं की तुमच्यात रसत्याग असतो ना, तर त्या चमकल्याच. दूध, दही, तूप, तेल, गोड, मीठ हे सहा रस, त्यातला एखादा ठरावीक दिवशी सोडायचा, आई आयुष्यभर ते करत आलेल्या. "व्हय, पण एका दिवसाला एक. हिनं तीन रस कायमचे सोडले की वो." म्हणजे पोरीने परंपरेबाहेरचं काही केलं नव्हतं, आईचाच नियम लांबवला होता. हे मी मुद्दाम मोठ्याने बोलले. आईचा सूर तिथून थोडा बदलला असं मला वाटतं, तूप मात्र त्यांनी डब्यासकट माझ्याकडेच ठेवलं.

तपासण्या. मी तिला एका फिजिशियनकडे पाठवलं आणि तिथे एक गोष्ट निघाली जी माझ्याही लक्षात आली नव्हती. डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या कुठल्या गोळ्या चालू आहेत? ती म्हणाली काही नाही. केसांसाठी? हां, ती रोज एक, रील बघून मागवलेली, बायोटीन १० मिलिग्रॅम. तर बायोटीनचा एवढा मोठा डोस पोटात असला की काही लॅबच्या मशीनवर बी-१२ चा आकडा खोटाच वाढलेला येतो, टेस्टची पद्धतच बायोटीनच्या चिकटण्यावर चालते म्हणून, थायरॉइडचे आकडेही बिघडतात. आठवडाभर गोळी बंद ठेवून परत रक्त दिलं तर बी-१२ आलं १३२. आधीचं ३१० बरोबर होतं असं धरून ती तीन महिने मानेचे व्यायाम करत बसली होती. केसांसाठी काही घेत असाल तर टेस्टच्या आधी सांगा, रक्त घेणारा पोरगा विचारत नाही.

बाकी आकडे: हिमोग्लोबिन १०.६, फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा) ९, होमोसिस्टीन (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढतं ते) ३१ (१५ च्या आत हवं), व्हिटॅमिन डी ११, पीटीएच (हाडातून कॅल्शियम काढायला लावणारं हार्मोन) ८२, रक्तातलं कॅल्शियम ९.१, थायरॉइड ठीक, फोलेट (ब गटातलंच दुसरं जीवनसत्त्व) ठीक. यातल्या दोन आकड्यांवर थांबते कारण ते बघून भलेभले फसतात. एक, तिच्या तांबड्या पेशींचा सरासरी आकार नॉर्मल होता, ८८. बी-१२ कमी असलं की पेशी मोठ्या होतात असं सगळे शिकतात, पण लोह कमी असलं की पेशी बारीक होतात, दोन्ही एकदम कमी असलं तर काही मोठ्या, काही बारीक आणि सरासरी काढली की छान मधोमध. आरडीडब्ल्यू १८ होतं, म्हणजे आकारात खिचडी झालीये हे तिथे दिसत होतं. दोन, रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल होतं म्हणून ती खूश होती, "बघा, कॅल्शियम बरोबर आहे ना." अगं ते बरोबरच येणार, खाण्यातून आलं नाही तर शरीर हाडातून काढतं पण रक्तातली पातळी सोडत नाही. पीटीएच ८२ आहे याचा अर्थ ती काढाकाढी चालू आहे. बँकेत पैसे दिसतायत पण ते एफडी मोडून आलेत अशातली गत.

मग मी तिच्याकडून आदल्या तीन दिवसांचं खाणं लिहून घेतलं. सकाळी काळा चहा, पोहे किंवा उपमा. अकराला परत चहा. दुपारी मेसचा जैन डबा, तीन चपात्या, दोडका-भेंडी-कोबी असली भाजी, भात, आणि आमटी म्हणजे हळदीचं पाणी ज्यात डाळ तळाला शोधावी लागते. चारला चहा-टोस्ट. संध्याकाळी ऑफिसमधून निघायच्या आधी फळ आणि फुटाण्यांची मूठ, आणि घरी आल्यावर एक ग्लास बदामाचं दूध, घरी केलेलं. या बदामाच्या दुधावर तिचा फार भरवसा होता. मी म्हटलं किती बदाम? दहा. भिजवून, वाटून, गाळून. दहा बदाम म्हणजे बारा ग्रॅम, १०० ग्रॅम बदामात कॅल्शियम साधारण २३० मिलिग्रॅम, म्हणजे तिच्या ग्लासात जास्तीत जास्त २७-२८, आणि चोथा गाळून टाकल्यामुळे त्यातलंही थोडं गेलं. त्याच ग्लासात आधी म्हशीचं दूध असतं तर २४० मिलिग्रॅम. पांढरं दिसतं, दुधाच्याच ग्लासात येतं, पण आहे ते बदामाचं पाणी. बी-१२ तर शून्यच.

पूर्वीचं खाणंही काढलं. दूध सोडायच्या आधी दोन-तीन चहात मिळून १०० मिली दूध, दुपारी वाटी दही, रात्री मोठा ग्लास दूध, सगळं मिळून ४५० मिली. दुधात १०० मिलीला १२० मिलिग्रॅम धरलं तर ५४० मिलिग्रॅम कॅल्शियम, १५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, आणि बी-१२ जेमतेम १.८ मायक्रोग्रॅम, उकळताना त्यातलंही थोडं जातं. आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण संस्थेच्या २०२० च्या यादीप्रमाणे तिला दिवसाला कॅल्शियम १००० मिलिग्रॅम, बी-१२ २.२ मायक्रोग्रॅम, लोह २९ मिलिग्रॅम आणि प्रोटीन किलोमागे ०.८३ ग्रॅम म्हणजे ४३ ग्रॅम हवं. (कॅल्शियम आधीच्या यादीत ६०० होतं, २०२० ला १००० केलं, घरातल्या मोठ्या माणसांच्या डोक्यात अजून जुनाच आकडा असतो.) तेव्हा दूध धरून ती कॅल्शियमच्या साधारण आठशेपर्यंत पोचत होती, दूध काढलं की उरलं ३०० च्या आत-बाहेर. प्रोटीन ३० ग्रॅमवर आलं.

म्हणजे माझ्या मते खोट दूध सोडण्यात नव्हती. ताटातलं बाकीचं सगळं आधीपासूनच पोकळ होतं आणि दूध एकट्याने खांबासारखं छत धरून उभं होतं. तिने खांब काढला आणि त्या जागी बदामाचं पाणी ठेवलं. आपल्याकडच्या बहुतेक शाकाहारी घरांत हेच असतं, "दूध पितो ना, मग झालं," आणि आमटीत डाळ किती आहे हे कुणी बघत नाही.

बी-१२ चं गणित आणखी वेगळं. हे जीवनसत्त्व जिवाणू बनवतात, जनावराच्या पोटातून ते दूध-अंडी-मांसात येतं, कुठल्याही भाजीत, डाळीत, मोडात भरवशाचं नसतं. स्पिरुलिनात जे दाखवतात ते बरंचसं नुसतं सारखं दिसणारं असतं, शरीराला चालत नाही, पण टेस्टमध्ये गोंधळ घालतं. ज्याचा साठा भरलेला असतो त्याच्या यकृतात ते काही वर्षं पुरतं. मग हिला दीड वर्षात तळपायाच्या मुंग्या कशा? कारण साठा भरलेलाच नव्हता. जन्मापासून मांस-अंडी नाही, रोज १.८ वर गाडी. पुण्यात केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने २००६ मध्ये छापलेला अभ्यास आहे, पुणे आणि आजूबाजूचे ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले तर ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी निघालं, आणि सगळ्यात जास्त प्रमाण शहरी मध्यमवर्गात होतं. याच टीमचं गरोदर बायकांवरचं काम जास्त काळजीचं आहे, आईचं फोलेट भरपूर पण बी-१२ कमी, तर मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिकार (डायबेटिसकडे नेणारा) दिसला. आपलं डाळ-भाजीचं जेवण फोलेट बऱ्यापैकी देतं, त्यामुळे रक्त फार बिघडलेलं दिसत नाही आणि नसा मात्र गुपचूप खराब होत राहतात. हिचं अगदी असंच झालं होतं.

उपचारातला बी-१२ चा भाग डॉक्टरांचा. नसांची लक्षणं होती म्हणून आधी इंजेक्शनांचा कोर्स, मग रोजची गोळी कायमची. कायमची या शब्दावर आई अडल्या. "म्हंजी जन्मभर गोळी? त्यापरीस पेलाभर दूध काय वाईट?" मी हिशोब सांगितला की नुसत्या दुधातून २.२ काढायला अर्ध्या लिटरहून जास्त दूध रोज लागेल. तरी शंका संपेनात, आता पोरीची शंका, गोळीतलं बी-१२ येतं कुठून? जिवाणू वाढवून, टाक्यांमध्ये आंबवून. "मग ते जीवच ना?" मी काही बोलायच्या आत आईच म्हणाल्या, "दह्यात काय असतंय मग? आन् दही खात हुतीस तवा?" विषय तिथे मिटला. कॅप्सूल नको हे मात्र बरोबर होतं तिचं, बऱ्याच कॅप्सूलचं कवच जिलेटीनचं असतं, म्हणून साधी गोळी. एक समजून घ्या, १००० मायक्रोग्रॅमची गोळी बघून लोक घाबरतात, २.२ लागतं तर हजार कशाला? तर नेहमीच्या वाटेने एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच आत जातात, वरच्यातलं टक्काभर नुसतं झिरपतं, म्हणून डोस मोठा.

व्हिटॅमिन डी वर जास्त अडलं. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे ६०,००० युनिटची सॅशे आठवड्याला एक लिहिली. हिने केमिस्टला विचारलं हे कशापासून बनतं, तो हसला. नेहमीचं डी-३ मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनतं. हिला ते नको. मग लायकेनपासून काढलेल्या डी-३ चे थेंब शोधले आणि डॉक्टरांनी त्याप्रमाणे डोस बदलून दिला. लायकेन म्हणजे काय, मातीखालचं का, बुरशी का, यावर मायलेकींचं बराच वेळ चाललं. शेवटी मी म्हटलं मसाल्यात दगडफूल घालता ना? तेच कुळ. "मग चालतंय की."

आता माझी चूक. एप्रिलमध्ये मी तिला जो चार्ट दिला तो दिसायला फार सुंदर होता. मोड आलेली मटकी, इडली-डोसा आंबवून, रोज वाटीभर पालेभाजी, शेवग्याचा पाला, नाचणीची भाकरी, तिळाची चटणी. कागदावर कॅल्शियम ११५०. जून अखेरपर्यंत बरं चाललं. ऑगस्टच्या टेस्टला पीटीएच ७४, जेमतेम हललं होतं, आणि वजन एक किलो कमी. मी विचारलं चार्ट पाळतेस ना? हो म्हणाली. परत विचारलं, काल काय खाल्लंस? मग निघालं. मोड आलेली कडधान्यं त्यांच्या घरात चालत नाहीत, रात्रभर आंबवलेलं पीठ चालत नाही, हे पहिल्या दिवसापासून. आणि जुलैत चातुर्मास बसला तशी पालेभाजी पूर्ण बंद, पावसाळ्यात पानांवर जीव असतात म्हणून. म्हणजे माझ्या चार्टमधलं निम्मं तिने कधी खाल्लंच नव्हतं आणि संकोचाने सांगितलंही नव्हतं. "तुम्ही एवढं लिहून दिलं होतं ताई, नाही कसं म्हणायचं." मी रसत्यागाचं मोठ्या ऐटीत बोलून दाखवलं होतं, आणि चातुर्मास विचारायला विसरले. मला फार ओशाळल्यासारखं झालं. सगळ्या जैन घरांत हे सारखंच असतं असंही नाही, म्हणून तर विचारायचं असतं.

दुसरा चार्ट तिच्या आईला फोनवर घेऊन केला, आणि खरं सांगायचं तर अर्धा आईनेच केला. मी म्हणाले कुळीथ, त्या म्हणाल्या "हुलगं म्हणा की." हुलग्याचं माडगं, हुलग्याचं पिठलं, भिजवून शिजवलेले हुलगे, मोड न आणता. १०० ग्रॅम हुलग्यात कॅल्शियम २७० च्या आसपास, लोह आणि प्रोटीनही चांगलं. नाचणी १०० ग्रॅमला ३६० च्या वर, दोन भाकऱ्यांना ८० ग्रॅम पीठ म्हणजे २९० मिलिग्रॅम. भाकरी थापायला वेळ नाही म्हणून आईनेच गावाकडून भाजणीसारखं पीठ पाठवलं, नाचणी, हरभरा डाळ, हुलगं, तीळ भाजून दळलेलं, त्याची सकाळी धिरडी. तीळ बिनपॉलिशचे, १०० ग्रॅमला बाराशेच्या वर कॅल्शियम, पण सालातल्या ऑक्झॅलेटमुळे त्यातलं सगळं काही अंगी लागत नाही, म्हणून मी तिळाचा आकडा हिशोबात निम्माच धरते. पालकाचं तर विचारूच नका, पालकातल्या कॅल्शियमचं शंभरातलं पाचेक मिळतं, दुधातल्याचं तीसेक. मेथी, राजगिरा, शेवगा चातुर्मास संपल्यावर.

आणि रोज एक ग्लास, २५० मिली, सोयाचं पेय, पण कॅल्शियम घातलेलं. दुकानात गेलात की पाकीट उलटं करा. आपल्याकडे त्यावर दूध असं लिहिता येत नाही, बेव्हरेज लिहितात. पाकिटामागच्या तक्त्यात १०० मिलीला कॅल्शियम १२० च्या आसपास दिसलं तर घ्या, शून्य असेल तर ते नुसतं सोयाचं पाणी. पाकिटावरचा पानासारखा हिरवा वीगन शिक्का एवढंच सांगतो की आत जनावराचं काही नाही, पोषणाबद्दल तो काही बोलत नाही. आणि पाकीट जोरात हलवायचं, कॅल्शियम तळाला बसतं. ही पोरगी न हलवता वरचंच ओतून पीत होती आणि शेवटचा गाळ सिंकमध्ये.

तरीही चातुर्मासात दोनशे-तीनशे कमी पडत होते, तिथे मी सरळ २५० मिलिग्रॅमची कॅल्शियम सायट्रेट गोळी घातली, दुपारी. सगळं अन्नातूनच मिळालं पाहिजे हा हट्ट मला आता राहिलेला नाही. लोहाची गोळी डॉक्टरांनी एक दिवसाआड दिली होती, ती सकाळी उपाशीपोटी लिंबूपाण्याबरोबर, कॅल्शियमच्या जवळपास नाही, कॅल्शियम लोहाला अडवतं. चहा जेवणानंतर तासभर नाही. सगळ्यात जास्त भांडण याच चहावरून झालं. बाकी सोडायला तयार होती, जेवणानंतरचा चहा नाही.

प्रोटीनसाठी काही फार करावं लागलं नाही. मेसवाल्या काकूंना सांगून आमटी घट्ट करून घेतली (महिन्याचे थोडे पैसे वाढले), खिचडीत डाळ-तांदूळ सारखे, शेंगदाण्याचं कूट भाजीत सढळ हाताने, टोफू आठवड्यातून तीनदा, सोयाबीनच्या वड्या कधीमधी. शेंगदाणे जमिनीखाली होतात म्हणून मी घाबरत घाबरत विचारलं, ते चालतात म्हणाली. आता मी सगळंच विचारते. आणि एक बारीक गोष्ट, ती सैंधव खात होती, शुद्ध म्हणून. दूध गेलं तसं आयोडीनचं एक दार बंद झालेलं, त्यात बऱ्याच सैंधवात आयोडीन घातलेलं नसतं, म्हणून परत साधं आयोडीनचं मीठ. थायरॉइड ठीक असताना हे केलं म्हणजे बरं.

डिसेंबर २०२४ चे आकडे: हिमोग्लोबिन १२.४, फेरिटिन ३१, डी ३४, पीटीएच ५१, होमोसिस्टीन ११. बी-१२ सहाशेच्या वर, पण इंजेक्शनं घेतल्यावर तो आकडा वाढणारच, त्यावर मी फार जात नाही, होमोसिस्टीन उतरलं हे जास्त बोलकं. जीभ भरून आली. मुंग्या आधी घोट्यापर्यंत होत्या त्या बोटांपर्यंत उतरल्या, मग गेल्या, फक्त डाव्या पायाचा अंगठा अजून बधिर आहे. डॉक्टर म्हणाले राहीलही तसाच. ३१० च्या त्या रिपोर्टवर फाइल बंद झाली नसती तर कदाचित राहिला नसता, कदाचित हं.

आता शेवटचं. त्याच डिसेंबरात आई परत आल्या होत्या, यावेळी तुपाऐवजी हुलग्याचं पीठ. बोलता बोलता म्हणाल्या, "माझं बी पाय रातीला जळजळत्यात, पण ते वयामुळं." वय ५८, दहा वर्षं डायबेटिस, मेटफॉर्मिन चालू, आणि ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी, कुणी सुरू केली ते आठवत नाही. दोन्ही गोळ्यांनी बी-१२ शोषायला अडथळा येतो. पोरीने त्यांना त्याच दिवशी लॅबमध्ये नेलं, आई पूर्ण रस्ता कुरकुरत, "मी रोज धारेचं दूध पितो, मला कशाला?" आलं १६८.

रिपोर्ट बघून त्या बराच वेळ गप्प होत्या. पोरगी काहीही बोलली नाही हे तिचं मोठेपण, मी असते तर बोलले असते. त्यांच्या डॉक्टरांनी मेटफॉर्मिन तसंच ठेवलं, ॲसिडिटीची गोळी हळूहळू सोडवली आणि बी-१२ सुरू केलं. औषधाची चिठ्ठी हातात आल्यावर त्यांनी मला फोन केला, एकच प्रश्न होता, ही गोळी दिस मावळायच्या आत घ्यायची का नंतर चालतीया. सकाळी घ्या म्हटलं, नाष्ट्याबरोबर. "मग बरं झालं," म्हणाल्या, "धार काढून आलो की घेतो."